‘सिग्निफिकंटली’: एका क्रियाविशेषणाचा इतिहास आणि माझे ०.०५८

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट आहे. हरभऱ्याच्या बियाण्यावर जिवाणू संवर्धनाची बीजप्रक्रिया केली तर मुळांची लांबी वाढते का, असा साधा प्रयोग होता. बारा कुंड्या प्रक्रिया केलेल्या, बारा न केलेल्या. प्रक्रिया केलेल्या रोपांची मुळं सरासरी ०.९ सेंटीमीटरनं लांब निघाली. टी-चाचणी लावली, पी-व्हॅल्यू आली ०.०५८.

गाईड सरांनी एकच प्रश्न विचारला, “सिग्निफिकंट आलं का?” मी म्हटलं, “नाही सर, थोडक्यात हुकलं.” बाहेर आल्यावर लॅबमधल्या एका सीनियरनं सल्ला दिला, “अगं, अजून चार-चार कुंड्या लाव. ०.०५ च्या खाली आलं की थांब आणि लिहून टाक सिग्निफिकंटली जास्त.”

सल्ला देणाऱ्याच्या मनात काही खोट नव्हती. असा सल्ला बहुतेक लॅबमध्ये मिळतो. पण त्या रात्री मला प्रश्न पडला, की आज ०.०५८ आहे म्हणून जे वाक्य लिहिता येत नाही, ते उद्या ०.०४९ झालं की लिहिता येईल, तर त्या वाक्यातला हा शब्द नेमकं सांगतो तरी काय? हे शोधायला गेले आणि या एका क्रियाविशेषणाचा चांगलाच लांब इतिहास हाती लागला. पेट, नेट किंवा कोर्सवर्कची तयारी करणाऱ्यांना तो उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हा लेख.

मूळ अर्थ ‘खूप’ नव्हे, ‘खूण’

लॅटिनमध्ये ‘सिग्नम’ म्हणजे खूण. त्याला ‘करणे’ या अर्थाचं क्रियापद जोडून ‘सिग्निफिकारे’ तयार झालं, म्हणजे खुणेनं दाखवणं, सूचित करणं. इंग्रजीत ‘सिग्निफिकंट’ सोळाव्या शतकात आला तो याच अर्थानं: ज्यातून काही अर्थ निघतो असा. त्याचं क्रियाविशेषण ‘सिग्निफिकंटली’, म्हणजे अर्थपूर्ण रीतीनं, सूचकपणे. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांत एखादं पात्र दुसऱ्याकडे ‘सिग्निफिकंटली’ पाहतं. ते ‘खूप’ पाहत नसतं. नजरेतून काहीतरी सुचवत असतं.

सॅम्युअल जॉन्सनचा प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोश १७५५ साली आला. त्यात ‘सिग्निफिकंट’चे आधीचे सगळे अर्थ खुणेशी आणि अभिव्यक्तीशी जोडलेले आहेत. ‘महत्त्वाचा’ हा अर्थ त्यानं शेवटी दिला आणि वर तो हलक्या दर्जाचा वापर असल्याचा शेराही मारला. म्हणजे आज आपल्याला जो अर्थ पहिल्यांदा आठवतो, तो तेव्हा दाराबाहेर उभा होता. पुढच्या दोनशे वर्षांत तो आत आला आणि घराचा मालक झाला.

जुना अर्थ शाळेत आपण एकदा तरी पाहिलेला असतो. भौतिकशास्त्रातले ‘सार्थ अंक’ आठवा. ०.००४२ मध्ये सार्थ अंक दोन. संख्या चिमुकली आहे, पण ४ आणि २ हे अंक मोजमापाबद्दल काही सांगतात, म्हणून ते सार्थ. आधीची शून्यं फक्त जागा दाखवतात. इथे ‘सिग्निफिकंट’चा मोठेपणाशी काही संबंध नाही.

एजवर्थ, १८८५

संख्याशास्त्रात हा शब्द नीट बसवणाऱ्यांमध्ये पहिलं मोठं नाव फ्रान्सिस इसिड्रो एजवर्थ यांचं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या १८८५ मधल्या अर्धशतकी सोहळ्यात त्यांनी ‘मेथड्स ऑफ स्टॅटिस्टिक्स’ हा निबंध वाचला. त्यातलं एक उदाहरण असं: २,३१५ गुन्हेगारांची सरासरी उंची एकीकडे आणि ८,५८५ सर्वसामान्य ब्रिटिश पुरुषांची दुसरीकडे. दोन्हींत फरक दिसतो. हा फरक निव्वळ योगायोग आहे, की तो कशाची तरी खूण आहे?

एजवर्थ यांचा प्रश्न एवढाच होता. फरक ‘सिग्निफिकंट’ आहे का, म्हणजे तो काही सूचित करतो का? उंचीतला फरक मोठा की छोटा, समाजाला महत्त्वाचा की बिनमहत्त्वाचा, हे वेगळे प्रश्न. त्यांनी मर्यादाही ठेवली होती. त्या काळी वापरात असलेल्या ‘मॉड्युलस’ या मापाच्या दुप्पट. आजच्या हिशोबात ही मर्यादा जवळपास २.८३ प्रमाण विचलनांची होते, म्हणजे पी-व्हॅल्यू साधारण ०.००५. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटाकडे तो पुन्हा भेटणार आहे.

०.०५ कुठून आलं?

आपल्या सगळ्यांना छळणारा ०.०५ हा आकडा कोणी सिद्ध केलेला नाही. तो सवयीतून आला.

एकोणिसाव्या शतकात मोजमापातली अनिश्चितता ‘प्रॉबेबल एरर’ या एककात सांगायची पद्धत होती. एक प्रॉबेबल एरर म्हणजे ०.६७४५ प्रमाण विचलन. फरक प्रॉबेबल एररच्या तिपटीहून मोठा असेल तर लक्ष द्या, असा व्यवहारी नियम रूढ झाला. आता ०.६७४५ ला तिनं गुणा. उत्तर २.०२ येतं, आणि प्रसामान्य वक्रावर याच्या पलीकडची शक्यता भरते ४.३ टक्के. ०.०५ चा शेजारी इथेच राहत होता.

डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत काम करणारे विल्यम गॉसेट यांनी १९०८ मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावानं टी-चाचणीमागचा निबंध छापला, तेव्हा हाच तिपटीचा नियम त्यांच्यासमोर होता. पण गॉसेट कारखान्यातले माणूस. बार्लीचं कुठलं वाण घ्यायचं हे ठरवताना किती खात्री पुरेशी, हे त्यात पैसे किती अडकलेत यावर अवलंबून आहे, अशी त्यांची भूमिका होती. सगळ्यांसाठी एकच रेष, हे त्यांच्या डोक्यात नव्हतं.

रेष आली १९२५ मध्ये. रोनाल्ड फिशर तेव्हा इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात होते. त्यांचं ‘स्टॅटिस्टिकल मेथड्स फॉर रिसर्च वर्कर्स’ हे पुस्तक त्या वर्षी आलं. त्यात त्यांनी सांगितलं की वीसात एक ही शक्यता १.९६ म्हणजे जवळजवळ २ प्रमाण विचलनांवर येते, आणि सिग्निफिकंट ठरवायला ही मर्यादा सोयीची आहे. सोयीची, एवढंच. पुस्तकातली कोष्टकंही ०.०५, ०.०२, ०.०१ अशा ठरावीक स्तंभांत मांडलेली होती. हातात कॅलक्युलेटर नसलेला संशोधक कोष्टक उघडणार, ०.०५ चा स्तंभ बघणार आणि निर्णय लिहिणार. माझ्या मते या आकड्याच्या दीर्घायुष्याचं निम्मं श्रेय त्या छापील कोष्टकांना आहे.

पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, शेतीतल्या प्रयोगांवरच्या लेखात फिशर यांनी एक अट घातली. ती आपण सोयीस्करपणे विसरलो. एकदा ०.०५ च्या खाली आलं म्हणजे शोध लागला असं नाही. नीट आखलेला प्रयोग पुन्हा पुन्हा केला आणि क्वचितच फसला, तरच ती गोष्ट प्रयोगानं सिद्ध झाली म्हणायचं. १९५६ च्या पुस्तकात तर त्यांनी स्पष्टच म्हटलं, की कुठलाही खरा संशोधक दरवर्षी, प्रत्येक परिस्थितीत एकाच ठरावीक पातळीला चिकटून बसत नाही.

चहाचे आठ कप

या शब्दाचा तांत्रिक अर्थ समजायला फिशर यांच्याच १९३५ च्या पुस्तकातलं चहाचं उदाहरण सगळ्यात सोपं आहे. एका बाईंचं म्हणणं, कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे मी चवीवरून ओळखते. आठ कप करायचे, चारांत दूध आधी, चारांत चहा आधी, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवायचा. बाईंनी दूध-आधीचे चार ओळखायचे.

आठातून चार निवडण्याचे मार्ग ७०. बाईंना काहीच कळत नसेल आणि त्या नुसता अंदाज मारत असतील, तर चारही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १, म्हणजे १.४ टक्के. चारही बरोबर आले तर आपण म्हणतो, निकाल सिग्निफिकंट आहे. अर्थ एवढाच, की ‘बाईंना काही कळत नाही’ हे मानलं तर असा निकाल दिसणं दुर्मीळ.

आता हा आकडा काय सांगत नाही ते बघा. बाईंना चव कळते याची शक्यता ९८.६ टक्के आहे, असं तो सांगत नाही. त्यांची जीभ किती तीक्ष्ण आहे, हेही नाही. मुलाखतीत ‘पी-व्हॅल्यू म्हणजे काय?’ असं विचारलं की दहांतले अनेक जण इथेच घसरतात. आणि कप सहाच ठेवले असते तर मार्ग २० झाले असते. मग सगळं बरोबर ओळखूनही शक्यता बरोबर ५ टक्के. तीच बाई, तीच जीभ. फक्त कप कमी, म्हणून निकाल रेषेवर लटकला. ‘सिग्निफिकंट’ हा शेरा निसर्गाइतकाच आपल्या प्रयोगाच्या आकाराबद्दलही असतो, तो असा.

धोक्याची सूचना आणि आपल्याकडचे दोघे

एका शब्दात दोन अर्थ कोंबले जाताहेत हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. एडविन बोरिंग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९१९ मध्येच, म्हणजे फिशरच्या पुस्तकाच्या सहा वर्षं आधी, लेख लिहून गणिती सिग्निफिकन्स आणि वैज्ञानिक सिग्निफिकन्स यांत गल्लत करू नका असं बजावलं होतं. १९३३ मध्ये येर्झी नेमन आणि इगॉन पिअर्सन यांनी वेगळीच चौकट मांडली: दोन प्रकारच्या चुका, त्यांच्या मर्यादा आधीच ठरवायच्या, मग निर्णय घ्यायचा. फिशर यांना ती पटली नाही. पुढे पाठ्यपुस्तकांनी दोन्ही पद्धतींची भेळ केली, आणि आज आपण शिकतो ती बरीचशी तीच भेळ.

या भांडणाच्या अगदी जवळ दोन मराठी माणसं होती. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसनमधून पदवी घेऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी तिथे पीएचडी पूर्ण केली. त्या काळात फिशर आणि नेमन-पिअर्सन हे एकाच इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर बसत. दुसरे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. त्यांनी केंब्रिजला हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी केली आणि पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. जेफ्रीज हे पी-व्हॅल्यूचे जुने टीकाकार. जे निकाल प्रत्यक्षात आलेच नाहीत, त्यांचा हिशोब धरून आपण परिकल्पना नाकारतो, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. म्हणजे ०.०५ ला प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्या विद्यापीठांना परकी नाही. आपण ती फक्त अभ्यासक्रमात ठेवली नाही.

गल्लत दोन्ही बाजूंनी होते

पहिली बाजू: सार्थ म्हणजे मोठं, असं समजणं. अमेरिकेतल्या डॉक्टरांवर झालेल्या ॲस्पिरिनच्या प्रसिद्ध चाचणीचा अंतिम अहवाल १९८९ मध्ये आला. ॲस्पिरिन घेणाऱ्या ११,०३७ जणांत हृदयविकाराचे झटके १३९ आणि नकली गोळी घेणाऱ्या ११,०३४ जणांत २३९. पी-व्हॅल्यू ०.००००१ पेक्षाही कमी. धोका ४४ टक्क्यांनी घटला. हे सगळं खरं आहे. पण दुसऱ्या हिशोबानं, साधारण ११० डॉक्टरांनी पाच वर्षं गोळी घेतली तेव्हा एक झटका टळला. हा फायदा मोठा की छोटा? कोणी म्हणेल मोठा, कोणी रक्तस्रावाचा धोका पुढे करेल. चर्चा व्हायलाच हवी. ‘सिग्निफिकंटली कमी’ हे दोन शब्द ती चर्चा मिटवू शकत नाहीत.

दुसरी बाजू जास्त धोकादायक: सार्थ नाही म्हणजे काहीच नाही, असं समजणं. झायकॅम या सर्दीवरच्या औषधामुळे वास येणं बंद झाल्याच्या तक्रारी उत्पादक मॅट्रिक्स कंपनीकडे पोचल्या होत्या. गुंतवणूकदारांना हे कळवलं नाही म्हणून खटला झाला. कंपनीचा बचाव असा, की तक्रारींची संख्या सांख्यिकीदृष्ट्या सिग्निफिकंट नव्हती, तेव्हा सांगायची गरजच नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये एकमतानं हा बचाव नाकारला. एखादी माहिती महत्त्वाची आहे की नाही, हे केवळ त्या एका रेषेवरून ठरत नाही, असा त्या निकालाचा सारांश. जॉन्सननं हलका ठरवलेला अर्थ आणि एजवर्थ यांचा अर्थ, दोन्ही समोरासमोर थेट न्यायालयात उभे राहिले.

शब्दच नको?

गेल्या दहा-बारा वर्षांत हा वाद पुन्हा पेटला. २०१६ मध्ये अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशननं पी-व्हॅल्यूबद्दल सहा तत्त्वं जाहीर केली. २०१७ मध्ये ७२ संशोधकांनी सुचवलं, की नव्या शोधांसाठी मर्यादा ०.०५ ऐवजी ०.००५ करा. एजवर्थ यांचा आकडा आठवला? १३२ वर्षांनी गाडी फिरून त्याच स्टेशनवर आली.

मार्च २०१९ मध्ये ‘नेचर’मधल्या एका लेखानं ‘स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट’ हा शिक्काच निवृत्त करा अशी मागणी केली. त्याला ८०० हून अधिक लोकांचा पाठिंबा होता. त्यात दिलेली एक पाहणी मला सगळ्यात बोलकी वाटते: पाच नियतकालिकांतल्या ७९१ लेखांपैकी ५१ टक्के लेखांत ‘सिग्निफिकंट नाही’ याचा अर्थ ‘फरकच नाही’ असा चुकीचा लावला होता. दुसरीकडे, २०२१ मध्ये त्याच असोसिएशनच्या अध्यक्षांनी नेमलेल्या कार्यगटानं म्हटलं की नीट वापरल्या तर पी-व्हॅल्यू आणि सार्थता चाचण्या उपयोगी आहेत, त्या सोडायचं कारण नाही. वाद मिटलेला नाही. पण रेषेच्या अलीकडे अंधार आणि पलीकडे उजेड असं काही नसतं, यावर दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

मराठीत लिहून बघा

मला यातून एक घरगुती कसोटी सापडली. आपलं वाक्य मराठीत लिहायचं. मराठीत इथे दोन शब्द आहेत, ‘सार्थ’ आणि ‘लक्षणीय’. सार्थ म्हणजे अर्थासहित. हा एजवर्थ यांचा सिग्निफिकंट. लक्षणीय हा शब्द ‘लक्षण’ म्हणजे खूण यावरूनच आला, पण वर्तमानपत्रात ‘पावसात लक्षणीय वाढ’ म्हटलं की वाचक ‘बरीच वाढ’ असंच वाचतो. म्हणजे ‘सिग्निफिकंट’चं जे झालं तेच आपल्याकडे लक्षणीयचं झालं. फरक इतकाच, की आपल्याकडे दुसऱ्या अर्थासाठी सार्थ शिल्लक राहिला. शिक्षणशास्त्राच्या मराठी प्रबंधांत ‘सार्थ फरक’ आणि ‘लक्षणीय फरक’ हे दोन्ही एकमेकांच्या जागी सर्रास वापरलेले दिसतात. ते थांबवायला हवं.

त्याच प्रबंधांतली आणखी एक चूक, जी मीही केली आहे. शून्य परिकल्पना अशी लिहिली जाते: ‘दोन गटांच्या सरासरीत सार्थ फरक नाही.’ हे बरोबर नाही. शून्य परिकल्पना संपूर्ण समष्टीबद्दल असते आणि ती म्हणते, ‘फरक नाही.’ सार्थता हा हाती आलेल्या नमुन्यावरचा शेरा आहे, चाचणीनंतर मिळणारा. तो आधीच परिकल्पनेत घालणं म्हणजे परीक्षेच्या आधी गुणपत्रिकेवर शेरा लिहिणं. पुढच्या वेळी प्रस्ताव सादर करताना एवढा एक शब्द काढा. परीक्षक चांगले असतील तर त्यांच्या लक्षात येईल.

आणि ते ०.०५८

मी जादा कुंड्या लावल्या नाहीत. थोडे नमुने घ्यायचे, चाचणी करायची, नाही आलं तर अजून थोडे घ्यायचे, असं करत गेलं तर वीसात एक हा हिशोब कोसळतो. फरक मुळात नसतानाही, अशा समान अंतरानं पाच वेळा डोकावलं तर कधीतरी ०.०५ च्या खाली जाण्याची शक्यता ५ टक्के राहत नाही, १४ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे मला जो शब्द लिहायचा होता तो लिहिता आला असता, पण तो खोटा झाला असता.

मग काय लिहिलं? ‘प्रक्रिया केलेल्या रोपांची मुळं सरासरी ०.९ सेंमी लांब होती. ९५ टक्के विश्वास-अंतराल −०.०३ ते १.८३ सेंमी, पी-व्हॅल्यू ०.०५८.’ यात क्रियाविशेषण नाही. सरांनी मसुदा वाचला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “हे खरं आहे, पण पेपरला अडचण येईल.” अडचण आली. एका नियतकालिकानं परत पाठवला. पुढच्या हंगामात तोच प्रयोग नव्यानं आखला. कुंड्यांची संख्या यावेळी आधी ठरवून वहीत तारखेसह लिहून ठेवली. त्याचं काय झालं ते स्वतंत्र लेखात सांगेन, कारण नमुन्याचा आकार आधी कसा काढायचा हा मोठा विषय आहे.

तोवर एक गृहपाठ. तुमचा थिसिसचा मसुदा किंवा एमएस्सीचा प्रोजेक्ट रिपोर्ट उघडा, कंट्रोल-एफ दाबा आणि ‘सिग्निफिकंटली’ शोधा. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, मला इथे ‘सार्थ’ म्हणायचंय की ‘खूप’? सार्थ असेल तर चाचणीचं नाव, फरक किती आणि अंतराल केवढं, हे शेजारी लिहा. खूप असेल तर आकडा लिहा. दोन्ही नसेल, नुसतं वाक्य भारदस्त दिसावं म्हणून शब्द आला असेल, तर खोडून टाका. माझ्या मसुद्यात तो एकतीस वेळा होता. उरला सात वेळा.